सुपडाभाऊ सत्कारवाले

सुपडाभाऊंनी आजवर एका लाइनमनचा, पाणी लागलेल्या एका बोअरचा आणि एका म्हशीचा जाहीर सत्कार केलेला आहे. म्हशीचा का, तर तिला जुळं झालं म्हणून. तिच्या पाठीवर शाल टाकली, गळ्यात हार घातला आणि भाऊ माइकवर तिचा परिचय करून देत होते, तोवर तिने हार संपवून शालीच्या गोंड्यांना सुरुवात केली होती. भाऊ जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "सत्कारमूर्तीनं सत्काराचा स्वीकार केला हाय."

आमचं गाव वरवट बकालहून फार लांब नाही. माझं किराणा दुकान, आणि दुकानाच्या भिंतीला भिंत लावून भाऊंचं घर. घरात भाऊ आणि वत्सलावहिनी दोघंच. पोरगा प्रमोद सुरतला असतो. भाऊंच्या दारामागे एक पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात एक नारळ, एक शाल आणि बॅटरीवर चालणारा माइक. नारळ भाऊ देऊन टाकतात. शाल मात्र फिरती आहे. फोटो निघाला की टाळ्या थांबायच्या आत शाल घडी होऊन भाऊंच्या काखेत गेलेली असते. कोणी धरून ठेवलीच, तर कानाशी जाऊन सांगतात, "मान तुहा, शाल माही."

एकदा जळगाव जामोदची बस वेळेवर आली. झालं, भाऊ बसपुढे आडवे. ड्रायव्हरला खाली उतरवला, त्याच्या गावाचं, आईबापाचं, गाडी शिकवणाऱ्या उस्तादाचं नाव विचारून घेतलं आणि भाषण सुरू. बस काही वेळेवर सुटली नाही. एक प्रवासी तणतणत खाली उतरला. भाऊंनी संयमाबद्दल त्याचाही सत्कार केला.

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला गाव सहन कसं करतं? तर गावाला ते लागतात. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना माइकवर नाव पुकारून टोपी-उपरणं देतात. एखाद्याचं नाव राहिलं, तर तो न जेवता निघतो आणि पुढच्या लग्नापर्यंत बोलत नाही. सुपडाभाऊंकडून आजवर एक नाव सुटलेलं नाही. मुहूर्त टळून जातो, नवरदेव घामाने निथळत असतो, आणि भाऊ मंडपात नवरीच्या मावशीच्या दिराचा साडू शोधत फिरत असतात.

"भाऊ, कशाला हा खटाटोप?" मी एकदा विचारलं.

"मानसाले चार फुलं जित्तेपनी भेटले पाह्यजे," भाऊ म्हणाले. "मेल्यावर थो काय उठून पाहून राह्यला?"

आणि या माणसाने एका सत्काराला चक्क नाही म्हटलं.

त्याचं असं झालं. कॉलेजचे कोच सर यंदा रिटायर झाले. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला याच गावात दुकान चालवायचं आहे. सरांनी कबड्डीचे कप आणले हे खरं. पोरांना केबलने झोडपलं हेही तेवढंच खरं. काही वर्षांपूर्वी पोरांनी तक्रार केली, मायबाप कॉलेजवर धडकले, पेपरात आलं, सर घरी बसले. मग टीम हरायला लागली आणि सर परत आले. आता माजी विद्यार्थी समितीला त्यांचा नागरी सत्कार करायचा होता आणि मैदानाला त्यांचं नाव द्यायचं होतं. समितीचे अध्यक्ष बंडूभाऊ. यांचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं, पण अध्यक्ष व्हायला तेवढं पुरतं.

चहाच्या टपरीवर गावाचे दोन तट पडले.

"मारलं असंन, पन कप आनला का नाही?"

"कप काय बे, केबलनं आनला का पोट्ट्याइनं आनला?"

"आमाले बी मास्तरनं लै मारलं. आमचं काय बिघडलं?" असं एक जण छाती पुढे काढून म्हणाला. तो दहावीला इतक्यांदा बसला होता की परीक्षकही त्याला ओळखायचे. सगळ्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने चहा प्यायला. टपरीवाल्याने तोडगा काढला: कप आणला म्हणून नारळ द्या, मारलं म्हणून शाल देऊ नका.

शेवटी बंडूभाऊंनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत मागवलं. सोबत सरांचा हार घातलेला फोटो टाकला. हीच चूक झाली. हार पाहून पहिल्याने लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याच्यामागे सगळ्यांनी हात जोडले. दुपारी कोच सरांच्या दारात माणसं जमायला लागली आणि सर स्वतःच चहा द्यायला बाहेर आले.

जनमत असं हुकल्यावर बंडूभाऊ सुपडाभाऊंकडे आले. मी दुकानातून ऐकत होतो.

"जमत नाही," भाऊ म्हणाले.

"तारीख बदलवू ना भाऊ."

"तरी बी जमत नाही."

बंडूभाऊ चिडले. "म्हशीचा करता, मंग सराचा काऊन नाही?"

"म्हशीनं कोनाले केबलनं नाही मारलं."

आता आली का पंचाईत. सुपडाभाऊंशिवाय सत्कार म्हणजे आमच्या गावात सत्कारच नाही. गाव कोच सरांना विसरलं आणि सुपडाभाऊंवर मतं द्यायला लागलं. कोणी म्हणे, नवी शाल पाहिजे असेल. कोणी म्हणे, बीपी वाढला. मलाही वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. शेवटी मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि बंडूभाऊंनी सगळ्यांदेखत विषय काढला. "गुरू हाय तो. गुरू मारते. त्याचा मान गावानं नाही करावं त कोनं करावं?"

भाऊ उठले. सवयीने म्हणाले, "माइक चालू हाय का बे?" माइक नव्हताच. पोरं हसली. भाऊ हसले नाहीत.

"त्याचा सत्कार पयलेच झाला हाय," ते म्हणाले. "म्या केला. कप आनला तवा. माहा प्रमोद होता टीममधी. आदल्या रोजी सरानं त्याच्या कानफाडात देल्ली, कानातून रगत आलं. पोरगा मले म्हने, बाबा, तुमी नका जाऊ हार घालाले. म्या म्हटलं, गुरू हाय, मारते त मारते. अन् गेलो. हार घातला, भाषन केलं. माहा पोरगा कानात कापूस घालून समोर उभा होता अन् टाळ्या वाजवून राह्यला होता."

भाऊंनी बंडूभाऊंकडे पाहिलं.

"डावा कान गेला त्याचा. तुमाले सांगतलं, गाडीवरून पडला. तक्रार झाली तवा बी म्या सही नाही केली. तुमाले कराचा असंन त करा सत्कार. माहा हात नाही उठत."

प्रमोद दिवाळीलाही येत नाही, फोन करतो तो फक्त आईला, एवढं मला भिंतीपलीकडून ठाऊक होतं. वाटायचं, शहराचा वारा लागला. का येत नाही ते त्या दिवशी कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याला हाताला धरून घरी आणला.

सत्कार रद्द झाला असं कोणी म्हटलं नाही, पण तारीखही निघाली नाही. मैदानाचं नाव अजून मैदानच आहे. टपरीवर आता नव्या बसस्टँडवरून दोन तट आहेत.

बैठकीचा व्हिडिओ कोणी काढला माहीत नाही. ग्रुपवर आला, आणि ग्रुपवर आमची सुरतची पोरंही आहेत. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या ओसरीवर चहा घेत बसलो होतो. वहिनींचा फोन वाजला. "हाव बाबू," म्हणत त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग फोन भाऊंपुढे धरला.

"तुमाले मांगून राह्यला."

म्हशीवर अर्धा तास बोलणाऱ्या माणसाने फोन कानाला लावला आणि माइकपुढे खाकरतात तसं दोनदा खाकरून घेतलं. वहिनी त्यांच्याकडे पाहत उभ्याच राहिल्या.

"कोन्या कानाले धरला बाबू फोन?" भाऊंनी विचारलं.

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"हाव. उजव्याच कानाले धर," भाऊ म्हणाले. "म्या हळूहळू बोलतो."