चाळीस म्हातारे

बंगल्यातल्या भट्टीचं बूड सुटलं, तेव्हा सदाने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "हाय काय त्यात, मडम? मी घरी भाजून आणतो," असं तो बोलून गेला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

किहीमच्या माडांत एका डच साहेबाचा बंगला होता आणि सदा तिथे स्वयंपाकाला होता. (कोळीवाड्यात तो 'मी बंगल्यावर असतो' एवढंच सांगे. पुरुषमाणूस चुलीपाशी बसतो हे सासऱ्याला, रावजी तांडेलाला, मुळीच पसंत नव्हतं.) पाच डिसेंबरला साहेबलोकांचा सण होता. त्या संध्याकाळी एक दाढीवाला साधुबाबा गलबतातून येतो, पांढऱ्या घोड्यावर बसतो आणि पोराबाळांना खाऊ वाटतो, अशी त्यांची समजूत. गेल्या साली साहेबानेच कापसाची दाढी लावली होती, पण पोरांनी बूट ओळखले आणि रडून गोंधळ घातला. यंदा निदान खाऊ तरी बरोबर हवा, असं मडमने बजावलं होतं. दालचिनी आणि बदाम घातलेली चाळीस बिस्किटं दिवेलागणीपर्यंत तयार हवीत. नाही झाली, तर सोमवारी मुंबईहून गोव्याचा कुक येणार आणि सदाने आपलं बिऱ्हाड चुलीपासून उचलायचं.

बिस्किटांसाठी मडमने एक लाकडी फळी दिली होती. फळीत वीतभर म्हातारा उलटा कोरलेला. लांब दाढी, पायघोळ अंगरखा, डोक्यावर उंच टोपी, हातात काठी. मैदा, लोणी, काळसर साखर, दालचिनी सगळं मळून सदाने गोळा फळीत दाबला, फळी आपटली, आणि म्हातारा केळीच्या पानावर उताणा पडला.

सदाला उगाचच बरं वाटलं नाही. घरात कोणी नव्हतं. बायको, केसर, वाळत घातलेले बोंबील उलटायला किनाऱ्यावर गेली होती. बाहेर वारा पडला होता, समुद्राचा आवाजसुद्धा येत नव्हता. आणि हा म्हातारा पानावरून त्याच्याकडे बघत होता. सदाने दुसरा काढला. तोही बघायला लागला. दहा झाले तेव्हा सदा त्यांच्याकडे पाठ करून बसला. वीस झाले तेव्हा त्याला पाठीत काहीतरी टोचतंय असं वाटू लागलं. शेवटी त्याने आपलं धुतलेलं धोतर फाडलं आणि माशा बसू नयेत म्हणून (सदाचं म्हणणं, माशांसाठीच) सगळ्यांना गळ्यापर्यंत पांढरं पांघरूण घातलं. मग तांब्याच्या पातेल्यात वाळू घातली, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि पहिला म्हातारा आत ठेवला.

तेवढ्यात केसर दारात आली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या कोळीवाड्यात कोणी दर्यात गेला आणि त्याचं शरीर मिळालं नाही, तर पिठाचा माणूस करतात, त्याला पांढरं वस्त्र घालतात आणि घरच्या पुरुषाने अग्नी द्यायचा असतो. केसरचा बा, म्हणजे तोच रावजी तांडेल, नऊ जणांचा मचवा घेऊन मलबारकडे गेला होता. दिवाळीला यायचा तो अजून आला नव्हता. केसर रोज दर्याकडे बघून यायची. सदाला हे सगळं ठाऊक होतं. पण त्या दुपारी त्याच्या डोक्यात बिस्किटांखेरीज काही नव्हतं.

"ह्यो कोन?" केसरने हळूच विचारलं.

"म्हातारा. गलबतातून येतो तो." धुराने सदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोनाला सांगू नको. सांजच्या आत उरकायचं हाय."

केसर किंचाळली नाही. तिने एकदा पातेल्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली बाहेर गेली.

थोड्या वेळाने सदाच्या ध्यानात आलं, की कोळीवाडा बंद पडल्यासारखा झालाय. जाळी विणणाऱ्यांच्या गप्पा थांबल्या होत्या, कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. अंगणात बायका एकेक करून येत होत्या आणि न बोलता बसत होत्या. दालचिनीचा वास दरवळत होता. वासाने लोक गोळा झाले, असं वाटून सदाची छाती फुगली.

वाड्यातले वडीलधारे गुणाजीबाबा आत आले. उंबऱ्यापाशी नारळ ठेवून त्यांनी विचारलं, "कवा कळलं?"

"आज सकाळी, बाबा. एकदम अंगावर आलं."

"किती जन?"

"चाळीस."

गुणाजीबाबा मटकन खाली बसले. "मचव्यावर नऊ व्हते रं."

"पाच आत हायत, बाकीचे ह्ये बघा," म्हणत सदाने मोठ्या कौतुकाने पांघरूण बाजूला केलं.

पानांवर ओळीने निजलेली माणसं दारातल्या बायकांनी बघितली. आणखी दोन मचवे अजून बाहेर होते. ज्यांची ज्यांची माणसं दर्यावर होती, त्या सगळ्यांनी एकदमच हंबरडा फोडला.

खुलासा करायला त्याला पुष्कळ वेळ लागला. बिस्किटं आहेत, साहेबाच्या पोरांना खायला आहेत, असं तो घसा फोडून सांगत होता. माणसाचं तोंड असलेलं खाणं कोणी करतं का, हे मात्र कोणाला पटेना.

"मंग खाऊन दावा," केसर म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

सदाने भाजलेला एक म्हातारा उचलला. तोंडापाशी नेला. भाजल्यावर त्याचे डोळे आणखी खोल गेले होते, आणि ते नीट सदाच्याच डोळ्यांत बघत होते. सदाचा जबडा उघडेचना. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच आता खात्री राहिली नव्हती.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. माडांतून धुकं खाली उतरत होतं. अंगणात बसलेल्या सोनूबाईने सगळ्यांत आधी बघितलं आणि तिने नुसता हात वर केला. धुक्यातून कोणीतरी येत होतं. लांब पांढरी दाढी, पायघोळ घोंगडी, डोक्यावर काहीतरी उंच, हातात काठी. पाऊल टाकलं की काठी वाजायची, मग पुन्हा काही नाही. सदाने हातातल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, समोरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि तो लाकडांच्या मोळीमागे जाऊन बसला.

म्हातारा अंगणातून सरळ चुलीपाशी आला. त्याने पानावरचा एक भाजलेला इसम उचलला आणि कडकन त्याचं डोकं खाल्लं.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "कोन मेलंय इथं?"

केसर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. "बा!" रावजी तांडेलच तो. रत्नागिरीच्या खाली डोलकाठी मोडली, ती दुरुस्त करण्यात महिना गेला. पाय दुखावला म्हणून मोडक्या वल्ह्याची काठी, डोक्यावर गुंडाळलेला शिडाचा तुकडा. मागोमाग त्याचे आठ जण आले. दोन दिवसांचे उपाशी. आनंदाच्या भरात सदाने बाकीचे म्हातारे भाजून काढले, आणि ते वाफाळते होते तोवर त्या नऊ जणांनी एकूणएक संपवले. सदाच्या मुठीत राहिला तेवढा एक वाचला.

बिस्किटं न्यायला मडमचा टांगा दारात थांबला तेव्हा सदा भानावर आला. तो हात जोडून पुढे झाला. "मडम, बिस्किट... खलास." सोमवार त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मडम त्याचं ऐकतच नव्हती. ती रावजीकडे बघत होती. दाढीकडे, काठीकडे, घोंगडीकडे. मग तिने टांग्याच्या पांढऱ्या घोड्याकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी बंगल्यावरच्या पोरांनी रावजीची दाढी ओढली आणि ती निघेना, तशी सगळी चिडीचूप झाली. असा सण आजवर झाला नव्हता, असं साहेब म्हणाला. सदाची नोकरी राहिली. मडमने त्याचं कारणही सांगितलं: दरसाल म्हाताऱ्याला आणायला कोणीतरी लागेलच. तेव्हापासून पाच डिसेंबरला सासरा घोड्यावर बसतो आणि सदा खाऊचं पोतं घेऊन मागून चालतो. त्या दिवशी त्याला चुलीजवळ फिरकू देत नाहीत.

उरलेला एक म्हातारा केसरने देवांशेजारी ठेवलाय. त्याला कधी मुंगी लागली नाही. मचवा निघायच्या आदल्या दिवशी ती त्याला ऊद दाखवते आणि पाया पडते. माझ्या बाला ह्यानेच परत आणला, म्हणते.

एकदा सदा न राहवून म्हणाला, "अगं, त्याला भाजला कोनी? मीच ना?"

"व्हय तर," केसर म्हणाली. "म्हनून तर बूड करपलंय."