मोगरवाडीचं लोकेशन

शिवशंकर लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. "प्रश्न दोनदा वाचा, मगच उत्तर लिहा," हे वाक्य त्यानं पंधरा वर्षांत किती पोरांच्या कानी घातलं, त्याची गणती नव्हती. पण चुलतीच्या, पंचफुलाकाकूच्या, पंचाहत्तरीचं लोकेशन घरच्या ग्रुपवर टाकताना त्यानं ते एकदाही वाचलं नाही.

तीन महिने तो मोबाइलवर घराण्याचा नकाशा करत होता. बिदरकडून आलेले खापरपणजोबा, उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली केलेले पणजोबा, नांदेडला रेल्वेत लागलेला चुलतभाऊ बसवंत, ज्याच्या त्याच्या जागी एकेक खूण. अडलं होतं ते मोगरवाडीत. निलंगा तालुक्यातलं हे मूळ गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं आणि तीन किलोमीटरवर नवं वसलं. तेव्हा शिवशंकर सात वर्षांचा होता. नकाशात जुन्या जागी आता नुसत्या बाभळी दिसत. त्यानं अंदाजानं एक खूण ठेवली, 'मोगरवाडी घर'. नव्या गावातल्या सभागृहाची दुसरी, 'मोगरवाडी हॉल'.

घर नेमकं कुठं होतं, हे ठाऊक होतं फक्त पंचफुलाकाकूला. पण भूकंपानंतर ती तिकडं फिरकलीच नव्हती. विचारलं की म्हणायची, "ग्येलं ते ग्येलं. तुझ्या मोबाइलात परत येतंय व्हय ते?"

कार्यक्रमाच्या सकाळी शिवशंकर हॉलमध्ये फुलांच्या माळा लावत असताना आचारी व्यंकटचा फोन आला.

"सर, लोकेशनवर आलो. हितं हॉल न्हाई, काहीच न्हाई. टेम्पो बाभळीत फसलाय. भाजी चिरायला घेऊ का?"

पाठोपाठ बसवंत. "शिवा, नांदेडहून चार गाड्या भरून आणल्या म्या. तू जंगलात जेवण ठिवलंस व्हय रं?"

शिवशंकरनं ग्रुप उघडला. 'मोगरवाडी घर'. हॉलऐवजी त्यानं घराची खूण पाठवली होती. लातूरहून निघालेली त्याची बायको राजकन्या काकूला घेऊन त्याच लोकेशनवर येत होती, आणि तिचा फोन लागत नव्हता.

त्यानं मोटरसायकल पिटाळली. पोचला तर चाळीस-पंचेचाळीस पाहुणे भरजरी कपड्यांतून काटे काढत होते. व्यंकटनं वाट न बघता शेगडी पेटवली होती. आणि बसवंत एका उंचवट्यावर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "आपलं घर हितंच होतं. मला पक्कं आठवतंय."

तेवढ्यात राजकन्याची जीप आली. काकूनं काचेतून बाहेर पाहिलं. शिवशंकर दाराशी जाऊन म्हणाला, "काकू, चूक झाली माझी. उतरू नको. आपण हॉलवर जाऊ."

काकूनं पदर खोचला, राजकन्याचा हात धरला आणि उतरली. दहा-बारा पावलं चालून थांबली. डावीकडं एक बुजलेली विहीर होती. ती ओळखून काकूनं मान हलवली आणि मागं वळली.

"बसवंता, खाली उतर."

"का गं काकू? आपलं घर..."

"पाटलाचा उकिरडा हाय तो."

हशा पिकला. बसवंतनं नवे बूट झटकले. काकू मात्र हसली नाही. ती पावलं मोजत सरळ व्यंकटच्या शेगडीपाशी आली.

"उचल ही."

"आजी, वरण उकळायलंय!"

"वरणासकट उचल. हितं आमची बैलं बांधायचो. सैपाकघर आठ हात पल्याड. तिकडं कर सैपाक."

दोघांनी शेगडी उचलली, दोघांनी पातेलं. काकूनं बोट दाखवलं तिथं वरण पुन्हा उकळू लागलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "शिवा, ह्ये आपलं घर. लाव तुझी खूण."

मग तिला कुणी थांबवू शकलं नाही. "राजकन्या, तू ग्यानोबा सुताराच्या दारात उभी राहा. बसवंता, तू चावडी. जावईबापू, तुम्ही पिठाची गिरणी." पाहुण्यांचं अख्खं गाव उभं राहिलं. पुण्याचे जावई गिरणी होऊन ताठ उभे होते. शिवशंकर घामाघूम होऊन एकेकापाशी पळत होता, खूण लावत होता, नाव लिहीत होता, आणि या वेळी प्रत्येक नाव दोनदा वाचत होता.

दुपारपर्यंत नव्या गावात बातमी गेली. लोक ट्रॅक्टरवरून आले. "काकू, आमचं कुठं होतं वो?" "काकू, आमच्या आजीचं?" काकू टेम्पोतून काढलेल्या खुर्चीवर बसून घरं वाटत होती. कुणी आपल्या जागेवर पोचलं की तिथंच बसून घ्यायचं, कुणी मातीला हात लावायचं. व्यंकटनं पाणी घालून वरण वाढवलं, तरी पंगती संपेनात.

शेवटी सरपंच महानंदा गाडीतून आली. हॉल सकाळपासून रिकामा पडला होता.

"काकू, चला की! माईक लावलाय, हार आणलाय. सत्कार तिकडं हाय ना तुमचा!"

काकूनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू दगडू वाण्याची सून न्हवं?"

"हाव."

"मग आधी चप्पल काढ. सासऱ्याच्या देवघरात उभी हायेस."

महानंदानं खाली पाहिलं. पायाशी बाभळीचे काटे होते आणि थोडी माती. तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली आणि हात जोडले.

"शिवा," काकू म्हणाली, "लिही. एकशे बारावं घर."