लिंबांना लावलेला गेरू

बाजाररस्त्यावरचे लिंब मी वाचवले, असं मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण कुणी विचारलंच, तर नाहीही म्हणत नाही.

आमचा जिल्हा छप्पन साली मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गोरेगावकडे (मुंबईतलं नव्हे, आमच्याकडचं) जाणाऱ्या या बाजाररस्त्यावर कडुलिंबांची रांग होती. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. त्या सावलीत पुस्तक घेऊन बसायचो. पण झाडांना वाली नव्हता. दुकानाची पाटी झाकली जाते, पाड. लग्नाला सरपण हवं, पाड. गावच्या म्युनिसिपल कमिटीचा त्याविरुद्ध नियमच नव्हता. तो करा, असं सांगायला मी अध्यक्ष केशोरावांकडे कितीदा तरी गेलो आणि दर वेळी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून परत आलो.

"तुम्ही बोलत काऊन नाही?" आमच्या घरच्या मंडळींनी, म्हणजे अनुसयाबाईंनी विचारलं.

"समोर माणूस आला की शब्द घशातच मुक्काम करतात. म्हणून आता मी बोलणारच नाही. झाडंच बोलतील."

योजना माझीच! प्रत्येक लिंबाला गेरूचा ठसठशीत पट्टा ओढायचा. बाजाराच्या दिवशी केशोराव तिथून जातात. ते विचारतील, हे काय? मी म्हणेन, 'ही वाचवायची झाडं.' एवढं एकच वाक्य. ते मी पाठही केलं.

बाजाराच्या सकाळी बादली घेऊन मी सगळी रांग रंगवली. शेवटचा पट्टा ओला होता, तोच जंगलाकडून मोळ्या विकायला आलेला लालसिंग आपल्या माणसांसह थांबला. खांद्यांवर कुऱ्हाडी.

"मास्तर, हा गेरू कोनं लावला जी?"

"मीच."

"सगळ्याइले?"

"एकही सोडलं नाही."

"झाडं कमिटीचे ना?"

"कमिटीचीच."

आपल्या कामाची कुणीतरी विचारपूस केली म्हणून मला भरून आलं. लालसिंगनं पागोटं काढून ठेवलं. हा आता झाडाला नमस्कार करणार, असं मला वाटलं. त्यानं तळहातावर थुंकून त्या ओल्या पट्ट्याच्या लिंबावर कुऱ्हाड उचलली आणि पहिली ढलपी माझ्या चष्म्यावर आली.

"अरे, हे काय करून राहिला?"

"जंगलात साहेब ज्या झाडाले खूण करते, ते पाडाचं रायते. तुमीच तं केली खूण."

तेवढ्यात लाकडाचे व्यापारी चुन्नीलाल धापा टाकत आले. "मास्टरजी, लिलाव कब है? पहले बताना था ना."

त्यांच्यामागून भाजीवाल्या गीताबाई, हातात तराजू. "मास्तर, आमची सावली तुमी कायले विकली? उन्हात माझी भाजी दुपारपर्यंत तरी टिकन का?" त्यांच्यामागे बाजारातल्या झाडून साऱ्या बायका.

मी पाठ केलेलं वाक्य शोधलं. ते घरीच राहिलं होतं. धावत जाऊन मी त्या लिंबाला मिठी मारली. कुऱ्हाड हवेतच थांबली. ते पाहून बायकाही एकेका झाडाला पाठ लावून बसल्या.

नेमके केशोराव आले. त्यांनी आधी मला झाडापासून सोडवलं. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, पोटाच्या बरोबर मध्यावर, गेरूचा आडवा पट्टा उमटला होता. लालसिंगनं तो नीट निरखला.

"अध्यक्षसाहेब, यायलेही पाडाचं का?"

सारा बाजार हसला. गीताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "हसाचं राहू द्या. कमिटीनं झाडं विकले का?"

"शपथ घेतो बाई, नाही विकली."

"मंग तसं कागदावर लिवा. पुन्हा कोनी कुऱ्हाड लावली नाही पाहिजे."

केशोरावांनी बायकांकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं. "पुढच्या सभेत नियम करतो. कमिटीला विचारल्याशिवाय झाड तोडलं की दंड."

आणि खरंच केला. लिंब आजही उभे आहेत. एकाच्या अंगावर लालसिंगच्या घावाची खोक आहे. त्या सभेला मलाही बोलावणं होतं. मी मागच्या बाकावर बसलो. पहिलं कलम वाचताना सगळे सभासद वळून माझ्याकडेच का बघत होते, ते मला जरा उशिरा कळलं.

'कोणत्याही इसमाने, हेतू कितीही चांगला असला तरी, झाडास गेरू लावू नये.'

कलम एकमतानं मंजूर झालं. मी सभासद नव्हतो, तरी गडबडीत माझाही हात वर गेला होता.