बारा पात्यांचं कापणीयंत्र

गवताचा मोठा दोष असा, की ते कोणाच्याही मंजुरीवाचून वाढतं. मंजुरीवाचून वाढलेल्या गोष्टींची रीतसर विल्हेवाट लावण्यासाठीच माणसानं संस्था काढल्या. वऱ्हाडातल्या मानोऱ्याकडच्या पिंपळदरा गावात १९७४ साली अशी एक होती : पिंपळदरा गवत उत्पादक सहकारी संस्था. (गवत उगवण्यात संस्थेचा हात नव्हता. पण इतकी नम्रता नोंदणीच्या अर्जात बसत नाही.)

संस्थेचा सचिव इंद्रभान. गावच्या बौद्धपुऱ्यातला पहिला मॅट्रिक आणि पहिला पगारदार. त्याचं अक्षर असं, की त्यानं लिहिलेली नामंजुरीसुद्धा लोक कौतुकानं घडी करून खिशात ठेवत. कागदावर सगळं नीट लिहिलं की कोणाचं वाईट होत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

संस्थेच्या ताब्यात साठ एकरांचं कुरण होतं. दरवर्षी दसरा झाला की बारा बाया विळे घेऊन तिथे उतरत. त्यांची म्होरकी चंपाबाई, इंद्रभानची सख्खी मावशी. निम्मं गवत संस्थेला, निम्मं बायांना. त्या निम्म्यावर बौद्धपुऱ्यातल्या म्हशी-बकऱ्या ज्येष्ठापर्यंत जगत. ही पद्धत इतकी बिनबोभाट चालत होती, की तिच्यात सुधारणा करायची राहूनच गेली होती.

ती संधी ट्रॅक्टरनं आणली. कुरण विकासाच्या योजनेतून संस्थेला ट्रॅक्टर मिळाला. अध्यक्ष जगदेवराव यांनी त्याला हार घातला आणि लगेच कामाला लावलं. पहिल्या सहा महिन्यांत ट्रॅक्टर २८० तास चालला. पैकी वराती ९६ तास, पोहरादेवीची यात्रा ५८, जगदेवरावांच्या नव्या विहिरीचा दगड वाहणे ११९, आणि शेती ७. (शेतीचे सात तास ड्रायव्हर लखीराम अंधारात वाट चुकला त्यातले आहेत.) हा हिशोब इंद्रभाननं सुवाच्य अक्षरात जिल्ह्याला पाठवला. जिल्ह्याहून उत्तर आलं : ट्रॅक्टर गवतासाठी आहे. त्याला जोडायचं कापणीयंत्र दिवाळीच्या आत निवडून चालू स्थितीत दाखवावं, नाहीतर ट्रॅक्टर परत न्यावा लागेल.

जगदेवरावांची विहीर अजून अर्धीच झाली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी निवड समिती नेमली.

समितीनं अभ्यास केला. बाजारात तीन प्रकारची यंत्रं होती. एक कातरीचं : लांब दातेरी पट्टीवर पाती मागेपुढे सरकतात, न्हाव्याच्या मशीनसारखी. दुसरं तबकडीचं : तबकडी गरगरा फिरते आणि तिच्या कडेची पाती गवत उडवतात. तिसरं सोट्यांचं : लोखंडी सोटे गवताला झोडपून काढतात. तिन्ही यंत्रं उत्तम आहेत असं तिन्ही विक्रेत्यांनी कळवलं, त्यामुळे निवड अवघड झाली. शेवटी तिन्हींची परीक्षा कुरणातच घ्यायची ठरली. आता परीक्षेला उभं गवत पाहिजे. म्हणून पोळ्यालाच फलक लागला, की पुढील आदेशापर्यंत कुरणात विळा नेऊ नये. फलक इंद्रभाननं रंगवला. अक्षर सुंदर आलं. मावशी त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचून दाखवला. ती घरी गेली आणि दोन दिवस त्याच्याकडे कालवण धाडलं नाही.

परीक्षा दसऱ्यानंतर झाल्या. कातरीचं यंत्र बावीस पावलं उत्तम चाललं. तेविसाव्या पावलावर दगड होता. तबकडीच्या यंत्रानं दगडाला दाद दिली नाही, उलट तो उचलून मांडवाकडे धाडला. मांडवात समिती बसली होती. चहाची किटली फुटली, समिती वाचली. (अहवालात नुकसान या सदराखाली किटलीचीच नोंद आहे.) सोट्यांच्या यंत्रानं दगड आणि गवत दोन्हींचा सारखाच भुगा केला. तो जगदेवरावांच्या बैलापुढे ठेवला, तेव्हा बैलानं दोनदा शिंकून आपलं मत दिलं.

मग समितीनं ठरवलं, की यंत्र कसं हवं ते आपणच सांगावं आणि कोण देतो ते पाहावं. तीन बैठका झाल्या. इंद्रभाननं नऊ अटी लिहून संस्थेच्या दाराला चिकटवल्या. यंत्र ट्रॅक्टरला जोडलेलं असावं. दगड दिसताच बाजूनं जावं. उतारावर उलटू नये. वारूळ आणि लाव्हरी पाखराचं जमिनीवरचं घरटं ओळखावं. गवत तुकडे न करता चार बोटं ठेवून कापावं. पेंढ्या बांधाव्यात. डिझेल मिळेना म्हणून डिझेल मागू नये. दुरुस्ती गावात व्हावी. आणि पाऊस आल्यास स्वतःहून झाडाखाली जावं. शेवटची अट जगदेवरावांची. ते गंजाच्या फार विरोधात होते.

बारा दिवस कोणीच आलं नाही. गवत पिवळं पडायला लागलं. त्यात कुसळीचं गवत बरंच होतं. त्याची कुसळं पिकून गळायला लागली की गुरं तोंड लावत नाहीत. जेमतेम आठ दिवस हातात होते. इंद्रभानला हे कळत होतं. रोज कार्यालयातून परतताना त्याच्या पायजम्याला थोडी थोडी कुसळं लागलेली असत, आणि ती वेचता वेचता त्याला मावशीची म्हैस आठवे.

तेराव्या दिवशी चंपाबाई स्वतः कार्यालयात आली आणि दारावरचा कागद वाच म्हणाली. त्यानं वाचला. प्रत्येक अटीला ती मान हलवत होती.

"हे तं आमाले सारंच येते," ती म्हणाली. "फारम भर."

त्यानं समजावलं, की हे यंत्रासाठी आहे, बायांसाठी नाही. आणि पहिलीच अट ट्रॅक्टरला जोडण्याची आहे.

"मंग जोड ना. लखीराम सकायपासून रिकामाच बसून राह्यला."

इंद्रभानला आधी हसू आलं. मग त्यानं कागद पुन्हा वाचला, आणि हसू गेलं. कागदात बाई नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यानं फॉर्म काढला. प्रकार : बारा पात्यांचे. बनावट : देशी. इंधन : भाकर, ठेचा. सुटे भाग : गावच्या लोहाराकडे. आवाज : आहे, बहुधा गाण्यांचा. जोडणीची पद्धत : ट्रॉलीत बसून. किंमत : निम्मं गवत. तळाशी त्यानं प्रामाणिकपणे खुलासा जोडला, की यंत्राचा काही भाग सचिवाच्या नात्यातला आहे.

समितीनं अर्ज एकमतानं मंजूर केला, कारण तो एकच होता. जगदेवरावांनी फक्त किमतीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मशिनीले वाटा देतेत का कुठी? चौथाई लिहा. तेलपान्याचं म्हनून."

इंद्रभाननं मान खाली घातली आणि चौथाई लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्या रात्री मावशीच्या दारावरून जावं लागू नये म्हणून तो नाल्याकडून घरी गेला.

जिल्ह्याचे साहेब धनत्रयोदशीला यायचे होते. सकाळी लखीरामनं बारा बायांना ट्रॉलीत बसवून कुरणात नेलं. तासाभरात तो पायीच कार्यालयात परत आला.

"मशीन बराबर जोडली हाये," तो म्हणाला. "पन चालू होऊन नाई राह्यली."

जगदेवराव आणि इंद्रभान धावत गेले. बाया ट्रॉलीत ओळीनं बसल्या होत्या, विळे मांडीवर. चौथाईची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कोणी भांडत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. एकीनं चंची सोडून पान लावलं होतं. जगदेवरावांनी आधी दटावलं, मग समजावलं, मग वाशीमच्या रस्त्याकडे पाहिलं. तिकडे जीपची धूळ दिसत होती.

चंपाबाई त्यांच्याकडे न बघता भाच्याला म्हणाली, "इंद्रभान, मशीन बंद पडली तं काय करा लागते, तुह्या कागदात लिवलं असन ना?"

कागदात तसं काही नव्हतं. नोकरी इंद्रभानची एकट्याची नव्हती, तिच्यावर घरातली सहा माणसं जेवत. तरी त्यानं खिशातून पेन काढलं, चौथाई खोडलं, वर निम्मं लिहिलं आणि कागद जगदेवरावांच्या पुढे धरला. "सही लागते, भाऊ," एवढंच म्हणाला. जगदेवरावांनी धूळ पाहिली, विहीर आठवली आणि सही केली. यंत्र लगेच चालू झालं.

साहेब आले तेव्हा दीड एकर कापून झालं होतं. त्यांनी फूटपट्टी लावून खुंट मोजले. सगळीकडे चार बोटं. पेंढ्या एकसारख्या. लाव्हरीचं घरटं जागच्या जागी, आत तीन अंडी. त्यांनी नऊच्या नऊ अटींवर खुणा केल्या आणि यंत्र चालताना फार बोलतं एवढा एक शेरा मारला. जाताना ते म्हणाले, की यंत्र प्रत्येक गावानं घ्यावं असं आहे; फक्त प्रत्येक पात्याची नोंद ठेवा.

गवत आठवडाभरात घरी आलं. बायांचं निम्मं बायांच्या अंगणात पडलं. मावशीकडून पुन्हा कालवण यायला लागलं, आणि जगदेवरावांची विहीरही झाली. (पाणी लागलं नाही.)

इंद्रभाननं नोंदवही आखली : क्रमांक, बनावटीचं वर्ष, स्थिती. एक ते बारा, सगळी चालू. मावशी पेंढीची दोरी मागायला आली होती, तिनं वहीत काय लिहिलंस म्हणून विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

"अन् नावं?"

"नावाचा रकाना नाही, मावशी."

"तुले माहीत हायेत ना पन, बाराच्या बारा?"

त्याला माहीत होती. त्यातल्या निम्म्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मावशी गेल्यावर त्यानं पुढच्या कोऱ्या पानावर बाराही नावं लिहिली, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावांसकट. मग वही जिल्ह्याला जायची म्हणून ते पान ब्लेडनं नीट कापून घेतलं आणि घरी पेटीत ठेवलं.

या हकिकतीबद्दल आजवर पुष्कळांनी चौकशी केली. कातरीचं यंत्र बरं की तबकडीचं, सोटे किती वर्षं टिकतात, बैल नेमका किती वेळा शिंकला, हे सगळं लोकांनी आस्थेनं विचारलं. चंपाबाईसोबतच्या अकराजणी कोण, हे कोणी विचारलं नाही. आपणही इथवर आलात, आणि मध्ये कुठे अडल्यासारखं दिसलं नाही.