बिनखाटेचा पेशंट

"यमाला दारातून परत पाठवलंय मी. हे खोकं काय माझी परीक्षा घेणार?" मोठ्या सिस्टरनी सुनेला ठणकावलं.

त्यात खोटं काही नव्हतं, पण नियम आडवा आला होता. कॉम्प्युटरवरचं प्रशिक्षण या आठवड्यात पास झालं नाही, तर वॉर्डचा ताबा काढून घेऊन त्यांना चादरींच्या स्टोअरमध्ये बसवणार होते. वर शिकवायला नेमली होती ती त्यांचीच सून. घरी मुकाट्याने भाजी निवडणारी पोरगी इथे गळ्यात ओळखपत्र अडकवून सासूला माउस धरायला शिकवत होती. सिस्टरच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

वॉर्डातल्या टेबलावरच्या पडद्यावर एक मिशीवाला माणूस उगवला आणि छाती धरून कण्हायला लागला.

"आई... म्हणजे सिस्टर, हा तुमचा पेशंट. खरा समजून वागायचं. काय उपचार करायचे ते खालच्या बटणांतून निवडा. बरा झाला की घरी पाठवा, झालं." एवढं सांगून सून पुढच्या वॉर्डात शिकवायला गेली.

सिस्टरनी बाह्या सरसावल्या. ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, औषधं दिली. मिशीवाला निवला, पण नाडी काही खाली येईना. तेवढ्यात ड्युटी संपली आणि पडद्यावर प्रश्न आला, 'बंद करायचं का?'

"बंद काय करायचं? माणूस आहे का दिवा?" सिस्टर उखडल्या. पेशंट पुढच्या पाळीच्या हाती सोपवल्याशिवाय उभ्या नोकरीत त्यांनी वॉर्ड सोडला नव्हता. त्यांनी दुपारच्या सिस्टरला धरून पडद्यापुढे आणलं. "हे मिशीवाले काका. छातीत दुखत होतं. नाडीवर लक्ष ठेव. सोबतीला कोणी नाही त्यांच्या, बिचारे एकटेच आलेत."

मोठ्या सिस्टरना उलट विचारायची कोणाची टाप होती? दुपारच्या सिस्टरने काका रात्रपाळीला सोपवले. रात्रपाळीने पेशंटांच्या मोजणीत एक वाढवला. मोजणीप्रमाणे स्वयंपाकघरातून बिनमिठाचं ताट आलं आणि कॉम्प्युटरशेजारी गार होत बसलं.

सकाळी राऊंडला डॉक्टर चक्रावले. "खाटा सगळ्या भरलेल्या. मग हा जास्तीचा पेशंट कुठे ठेवलाय?"

"टेबलावर," रात्रपाळीची सिस्टर झोपेतच बोलली.

झालं. या वॉर्डात पेशंट टेबलावर झोपवतात, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. मेट्रन तरातरा आल्या, मागून पडलेल्या चेहऱ्याने सून. मोठ्या सिस्टर नुकत्याच ड्युटीवर येऊन काकांची नाडी बघत होत्या.

"अहो सिस्टर, हा पेशंट खोटा आहे," मेट्रननी कपाळावर हात मारला.

"पेशंट खोटा असेल, माझी ड्युटी खोटी नाही. खरा समजून वागा म्हणालात, वागले. चादरी मोजायला लावा हवं तर, पण कोणाला अर्ध्यावर टाकून मी जाणार नाही."

"आता बरे झालेत ना? मग पाठवा त्यांना घरी," मेट्रन म्हणाल्या.

सिस्टरनी नाइलाजाने बटण दाबलं. पडद्यावर निकाल आला. 'नापास. कारण, रुग्णाने गरजेपेक्षा जास्त काळ खाट अडवली.'

"कसली खाट?" सिस्टर कडाडल्या. "अख्खी रात्र टेबलावर काढली त्यांनी. खाट दिलीत कधी?"

"आई, अजून एकदा देता येते परीक्षा," सून हळूच म्हणाली आणि तिने पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर तोच मिशीवाला उगवला. तशीच छाती धरलेली, तसंच कण्हणं.

सिस्टर सावकाश मेट्रनकडे वळल्या. "बघा. घाईने घरी पाठवायला लावलंत. आला ना परत?"

मेट्रन सुनेच्या कानाशी लागल्या, "यांना स्टोअरमध्ये नको गं बसवायला. एकेक चादर पुढच्या पाळीच्या हातात सोपवल्याशिवाय घरी जायच्या नाहीत. वॉर्डच राहू दे यांच्याकडे."

सिस्टरचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ऑक्सिजनचं बटण दाबलं आणि सुनेला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? स्वयंपाकघरात सांग, काकांचं ताट चालू ठेवा."