पोस्टमास्तरची बाटली

"वाईन टाकली रे! कालच टाकली!" बोरिंगच्या ओट्यावर उभा राहून रईस फोनमध्ये ओरडला, आणि पाणी भरायला आलेल्या बायांचे हात जागच्या जागी थांबले.

रईसचं तिकडे लक्ष नव्हतं. गावात मोबाइलला रेंज यायची ती फक्त त्या ओट्याच्या एका कोपऱ्यात. पलीकडे पुण्यात बसलेल्या सुरजला निम्मंच ऐकू जात होतं, म्हणून रईसला प्रत्येक वाक्य दोनदा आणि मोठ्याने म्हणावं लागत होतं.

"बाटली बनवली, बाटली! हो, पन चालून नाई राह्यली! का म्हंतो? जुनी फेकून नवी बनवू? बरं, आज सांजेले बनवतो!"

प्रकरण तसं साधं होतं. रईस शेख या गावचा पोस्टमास्तर. पावसाळ्यात चिमूरहून इथे, गडचिरोलीच्या जंगलातल्या या खेड्यात आला, आणि आता थंडी सरत आली तरी पैसे भरणं-काढणं सोडून त्याच्याशी कोणी चार शब्द बोललं नव्हतं. माणसं वाईट नव्हती. पण आपसात गोंडीत बोलायची, आणि रईस दिसला की गप्प व्हायची. दुपारी डाकघर बंद झालं की पुढचा सगळा दिवस त्याच्या अंगावर यायचा.

म्हणून त्याने गडचिरोलीहून एक जुना लॅपटॉप आणला. विंडोजचं ओझं त्याला झेपत नव्हतं, तेव्हा दुकानदाराने त्यात लिनक्स टाकून दिलं. रईसला खेळायचा होता तो क्रिकेटचा जुना गेम. चिमूरला असताना तो आणि सुरज एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून खेळायचे तो. गेम होता विंडोजचा, लिनक्सवर चालेना.

"गेमले फसवा लागते," सुरजने सांगितलं होतं. "वाईन नावाचं सॉफ्टवेअर राह्यते. ते टाकलं का गेमले वाटते, आपुन आपल्याच घरी हावो. आन त्याच्यात हरेक गेमसाठी अलग डब्बा बनवाचा. त्याले बाटली म्हंते."

सुरजचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त हे सगळं दारूबंदीच्या जिल्ह्यात, भर बोरिंगवर ओरडून बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रू दारात उभा राहिला. साठीचा, शेजारच्या आवारातला. आजवर त्याने रईसकडे पाहून नुसती मान हलवली होती. आज त्याच्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेली, गावतळ्यातली भाजलेली मासोळी होती.

"जोहार, मास्तर. घ्या, तरयातली हाय." इकडेतिकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "कसं चालू हाय तुमचं काम?"

"कोनतं काम?"

"तेच. बाटलीचं."

रईसला भरून आलं. शेवटी कोणीतरी विचारलं. "काय सांगू पत्रूभाऊ! सुरू होते आन मंग सारं काळंच होते."

"काळं होते? मंग आच जास्त झाली असन."

"हो ना, तापते बी लई!"

पत्रूने जाणत्या माणसासारखी मान हलवली. "गूळ पाह्यला का?"

"गूगल? पाह्यलं ना भाऊ, सारं गूगल पाह्यलं."

"गुळावरच हाय सारं," पत्रू म्हणाला, आणि समाधानाने घरी गेला.

त्या संध्याकाळी पत्रूबरोबर लच्छू आणि झाडू हे त्याचे दोघे सोबतीही आले. पुढे आणखी दोघे. ओसरीवर बसायचे, बिडी ओढायचे, धानाच्या गोष्टी सांगायचे. मास्तर स्वतः पीत नाही हे त्यांना ठाऊक होतं. 'त्यांच्यात चालत नाई, म्हंजे इकत असन,' असा लच्छूने हिशेब लावला होता. रईस सगळ्यांना चहा करून द्यायचा. ते आधी कपात वाकून पाहायचे, वास घ्यायचे, एकमेकांकडे पाहायचे आणि चहा प्यायचे. जाताना कोणीतरी हळूच विचारायचं, "झाली का तयार?"

"अजून नाई."

"हो हो. जल्दी नोको करू."

एवढ्या धीराने वाट पाहणारी माणसं रईसने जन्मात पाहिली नव्हती. त्याने बाजारातून चार कप जास्तीचे आणले. बदली मागून घे म्हणून मागे लागलेल्या अम्मीला फोनवर सांगितलं, "बदलीचं राहू दे. इथी मन लागलं माह्यं."

मग एका दुपारी दुर्गाबाई आल्या. गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष, आणि मागे पाच-सहा बाया.

"मास्तर, घर पाहू द्या."

त्यांनी खाटेखाली पाहिलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. खोबरेल तेलाची बाटली सापडली, ती तिघींनी आळीपाळीने हुंगली. टपालाची पिशवी सरकारी म्हणून नुसती बाहेरून चाचपली. काहीच निघालं नाही, तशा दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वाईन कुठी हाय?"

आणि रईसच्या डोक्यात सगळा उजेड एकदम पडला. मासोळी, आच, गूळ, कपात वाकलेली तोंडं. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "लॅपटॉपात हाय."

त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर लाल वाईनने भरलेल्या पेल्याचं चित्र होतं.

"हा का हाय मंग?" दुर्गाबाई कडाडल्या.

"बाई, ते नुसतं निशान हाय. हे सॉफ्टवेअर हाय. गेम खेळाचं."

"चालू करून दाखवा."

सुरजने सांगितलेला नवा उपाय रईसने सकाळीच करून ठेवला होता. त्याने गेम सुरू केला. पडदा नेहमीसारखा काळा झाला. पण या वेळी त्या काळ्यातून हजारो माणसांचा गलका उठला. बाया दोन पावलं मागे सरल्या. एक तर बाहेर कोण आलं ते पाहून आली.

"मानसं कुठी हायेत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मानसं नाईत, बाई. आवाजच हाय."

"आन एवढ्यासाठी तुमी बोरिंगवर बोंबलून राह्यले?"

"हो."

दुर्गाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. कोपऱ्यात एक ताट, एक पेला धुऊन पालथा घातला होता.

"आमचं चुकलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "आमी उगाच शक घेतला. पन तुमच्या नावावर डाग नाई राहू देनार."

दुर्गाबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. दिवस मावळायच्या आत त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "मास्तरच्या घरी काईच नाई. आमी सोता पाह्यलं."

त्या संध्याकाळी रईसने सगळ्यांचा चहा केला आणि कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त आपल्यापुरता केला. लच्छू डाकघरात पैसे काढायला आला, अंगठा लावला आणि मान हलवून गेला. रईस बोरिंगच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. अम्मीला बदलीचं सांगायला नंबर लावला. पलीकडून "बोल बेटा" ऐकू आलं, आणि त्याने "काई नाई, असाच लावला" म्हणून ठेवून दिला. आज तो हळू बोलला, तरी पलीकडे नीट ऐकू गेलं.

आठवडा असाच गेला. मग एका तिन्हीसांजेला ओसरीवर खोकला ऐकू आला. पत्रू भिंतीला टेकून बसला होता. हातात काही नव्हतं.

"पत्रूभाऊ," रईस दारातूनच म्हणाला, "माह्याकडे ते नाई."

"मालूम हाय. दुर्गानं सांगतलं. माह्या घरी तं दोनदा सांगतलं."

"मंग?"

"पोरगा, सून, सारे मिरची तोडाले गेले तेलंगणात. यंदा माही बुडी बी त्याहीच्यासंग गेली. बकऱ्यांसंग किती बोलाव मानसानं?" पत्रूने आत, लॅपटॉपकडे पाहिलं. "ते मशीन लाव ना. दुर्गा म्हने, लई मानसं वरडते त्याच्यात."

"चित्र नाई येत भाऊ. काळंच राह्यते."

"राहू दे काळं."

रईसने लॅपटॉप ओसरीवर आणून गेम लावला. काळ्या पडद्यातून गलका उठला, त्यावर कोणी इंग्रजीत भराभर बोलू लागलं. पत्रूने पाय जवळ घेतले, डोळे मिटले.

"हा का म्हनून राह्यला?"

"म्हंते, चेंडू लई दूर गेला."

"जाऊ दे," पत्रू म्हणाला.

दोघे बसून राहिले. गलका वाढला, तसा रईसने विचारलं, "आवाज कमी करू का?"

"नोको," पत्रू डोळे न उघडता म्हणाला. "घर भरलं भरलं वाटते."