‘भरती’ला बासष्ट

मुळ्येसर शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांच्या खिशातलं लाल पेन अजून नोकरीवर होतं. ताटातल्या आमटीपासून भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्तापर्यंत, समोर येईल त्याला ते शंभरपैकी गुण देत. आमटी पंचावन्न. सूर्यास्त अठ्ठावन्न, कारण ढग मध्ये आले. साठाच्या वर त्यांचा हात कधी गेलाच नव्हता. लीलाबाईंनी लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहिली, मग नाद सोडला आणि आमटी स्वतःला आवडेल तशी करायला लागल्या.

अशा घरात त्यांचा मुलगा सलिल व्हिडिओ गेमचा समीक्षक निघाला. मुंबईच्या ‘बटण’ नावाच्या मासिकासाठी तो रत्नागिरीत बसून कन्सोलवरचे खेळ खेळायचा आणि दहापैकी गुण कळवायचा. खेळाच्या सीडी कुरिअरने यायच्या. सर येता-जाता म्हणायचे, "याला काम म्हणतात, हे मला कुणीतरी लेखी द्या."

२००४ च्या मार्चमध्ये सलिलचे डोळे आले. दोन्ही डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, आणि डॉक्टरांनी टीव्हीकडे बघायचं नाही म्हणून बजावलेलं. इकडे अंक शनिवारी छापायला जायचा होता आणि एका खेळाचे गुण राहिले होते.

"संपादकांना कळवतो, या खेपेला जमत नाही म्हणून," सलिल डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून म्हणाला.

"जमत नाही म्हणजे? कुणाची तरी उत्तरपत्रिका न तपासता परत पाठवणार? मी तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत. दे इकडे तो रिमोट."

"त्याला कंट्रोलर म्हणतात, बाबा. आणि तिथे गुण द्यायची एक पद्धत आहे. सात म्हणजे..."

"परीक्षकाला गुण द्यायला शिकवू नकोस."

"बरं, नाही शिकवत. पण खेळ कुणी केलाय ते तरी ऐका. आपल्या..."

"नाव नको." सरांनी हात वर केला. "बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता बैठक क्रमांक असतो. नाव कळलं की पेन वाकडं चालतं."

सलिलच्या डोळ्यांची आग एवढी झाली की तो आत जाऊन झोपला.

खेळाचं नाव होतं ‘भरती’. एक मचवा समुद्रातून खाडीत आणायचा, खडक चुकवायचे, भरतीच्या पाण्यावर बंदर गाठायचं. पहिल्या दिवशी सरांनी एकोणीस मचवे बुडवले. "अहो, डावीकडे खडक," लीलाबाई भाजी निवडता निवडता सांगायच्या, आणि सर खडकावर जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरची खाडी ओळखीची आहे. तो वळसा, ती सुरूची बनं, तो पूल. "अगं, ही आपली भाट्याची खाडी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी चहा गार झाला तरी उठले नाहीत. संध्याकाळी मचवा एकदाचा बंदराला लागला, तेव्हा सरांनी इकडेतिकडे बघून हळूच टाळी वाजवली.

मग ते लाल पेन घेऊन बसले. खेळ त्यांना मनापासून आवडला होता, आणि आवडलेल्या विद्यार्थ्याला सैल सोडायचं नाही हा त्यांचा नियम होता. पडद्याच्या कोपऱ्यात तिथी दिसायची. तिथे अष्टमी होती आणि पाण्याला मात्र उधाण. अष्टमीला भांगाचं पाणी, भरती बेताची. उधाण येतं पुनवेला नाहीतर अवसेला, हे भाट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आठ गुण कापले. बाकीचं असं लिहिलं: ‘अक्षर सुवाच्य. उत्तर बरोबर, परंतु पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. अष्टमीची चूक अक्षम्य. अधिक सरावाची गरज.’ खाली एकूण गुण टाकताना त्यांचा हात साठावर अडखळला. खूप वेळ अडखळला. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो पुढे सरकला. बासष्ट.

कागद घेऊन ते स्वतः माळनाक्यावर वरदच्या सायबर कॅफेत गेले. वरद त्यांचाच जुना विद्यार्थी, गणितात एक्केचाळीसवाला. टाइप करता करता तो थांबला.

"सर, बासष्ट? तुम्ही दिलेत?"

"जरा सढळ हात झाला खरा."

"फर्स्ट क्लास की हो," वरद आदराने म्हणाला आणि दहापैकी सहा पूर्णांक दोन असं टाइप करून मेल पाठवून दिली.

घरी सलिलने विचारलं, "किती दिलेत?"

"निकाल लागेपर्यंत परीक्षक घरात गुण सांगत नाही," सर म्हणाले.

निकाल एप्रिलमध्ये लागला. सलिलने अंक उघडला आणि नुकते बरे झालेले त्याचे डोळे पुन्हा आल्यासारखे दिसायला लागले. सरांनी चष्मा लावून पान पाहिलं. पहिल्या खेळाला नऊ पूर्णांक एक. दुसऱ्याला साडेआठ. एका खेळाबद्दल ‘चुकूनही घेऊ नका’ असं छापलं होतं, त्यालासुद्धा सहा पूर्णांक आठ. सगळ्यात तळाला ‘भरती’, आणि संपादकांना गंमत वाटली म्हणून सरांचा अभिप्राय जसाच्या तसा, त्यांच्या नावासकट चौकटीत.

"अरे, हे सगळे बोर्डात आलेले दिसतायत," सर म्हणाले.

"बाबा, तिथे सात म्हणजे काठावर पास. सहा म्हणजे नापास."

"मग सहाच्या खालचे आकडे कशाला ठेवलेत?"

"ते कुणी वापरत नाही."

सर खुर्चीत बसले. "कुणाचा खेळ होता?"

"आता विचारताय? अनिल गोताडचा. मिरजोळ्याचा. तो आणि त्याचे तीन मित्र, दोन वर्षं पुण्यात खपत होते. ‘बटण’ने आठ दिले तरच खेळ दुकानांत ठेवीन, असं वितरकाने सांगितलं होतं."

अनिल गोताड. सरांना तो लगेच आठवला. दहावीच्या सराव परीक्षेत गणितात चौतीस. एका गुणासाठी तो शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा होता, आणि सर म्हणाले होते, "गुण मागून मिळत नाहीत, गोताड." ते वाक्य त्या वेळी त्यांना फार बाणेदार वाटलं होतं. आता ते आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी त्याच दिवशी संपादकांना फोन लावला. "मला फेरतपासणी हवी आहे. बासष्टचे ब्याऐंशी करा."

"काका, छापलेले गुण आम्ही बदलत नाही," पलीकडून उत्तर आलं. "एकाचे बदलले तर उद्या सगळेच दारात उभे राहतील."

तीस वर्षं सरांनी पालकांना हेच ऐकवलं होतं. त्यांनी फोन ठेवला.

रविवारी ते मिरजोळ्याला गेले. माफी कशी मागायची याची वाक्यं त्यांनी रिक्षात जुळवली होती. अंगणात अनिलचे वडील भागोजी कोयती घासत बसले होते. सरांना बघून ते धडपडत उठले.

"सर, तुमी? आमच्या घराला पाय लागले तुमचे. या, आत या. ते बगा काय लावलंय."

भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, ‘बटण’चं पान काच लावून टांगलं होतं. त्यातल्या ६.२ भोवती कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलं होतं.

"पोरगा बोलला, मुळ्येसरांनी बासष्ट दिले. मी आख्ख्या वाडीत पेढे वाटले. चौतीसवरनं बासष्टवर गेला. बरे हायत ना वो सर, बासष्ट?"

भागोजींच्या मागे दारात अनिल उभा होता. त्याने सरांकडे बघून नकाराची मान अगदी थोडी हलवली. सरांची रिक्षात जुळवलेली वाक्यं जागच्या जागी राहिली.

"चांगले आहेत," सर म्हणाले. "मी कुणाला इतके दिलेले नाहीत." हे खरं होतं.

निघताना अनिल रस्त्यापर्यंत सोडायला आला.

"अनिल, माझं चुकलं रे. मला नाव ऐकायचं नव्हतं, आणि पद्धतही."

"अष्टमीची चूक बरोबर काढलीत, सर. आम्हा चौघांपैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती."

"आता पुढे?"

"बाकीचे तिघं नोकरीला लागले. मी सोमवारपासून इथे एमआयडीसीत जातोय. घरी एवढंच सांगितलंय की खेळ पास झाला." तो जरासा हसला. "पुन्हा कधी केलाच, तर खेळायला तुम्हालाच देईन. गुण मात्र सलिलने द्यायचे."

सर घरी आले तेव्हा लीलाबाईंनी ताट वाढलं होतं. भात, आमटी, कैरीचं लोणचं. सर खाली मान घालून जेवत होते.

"नव्वद," ते एकदम म्हणाले.

लीलाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग वाटीतली आमटी चाखली.

"अहो, आज मी मीठच घालायला विसरलेय."

"माहीत आहे," सर म्हणाले आणि त्यांनी आमटीसाठी वाटी पुढे केली.